आरजीबी केबलचं सुटं किट: वायरला पैकीच्या पैकी, आकृतीला शून्य

सुपर निन्टेंडो या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलची आरजीबी केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींनी टीव्हीला नेणारी) स्वतः जोडायची तर एकतर प्लग, वायर, कपॅसिटर असं एकेक जमवत बसा, नाहीतर सगळं एका पिशवीत भरलेलं किट घ्या. हे परीक्षण किटचं आहे. ही किटं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, पण पिशवी उपडी केली की जवळपास तोच ऐवज बाहेर पडतो: कन्सोलच्या बाजूचा बारा पिनांचा मल्टि-आउट प्लग, टीव्हीच्या बाजूचा एकवीस पिनांचा स्कार्ट प्लग, दोन मीटर केबल, स्कार्टच्या टोपणात मावेल एवढा पीसीबी (सुटे भाग बसवायची सर्किटची पट्टी), २२० मायक्रोफॅरडचे तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ७५, १८० आणि ४७० ओहमचे काही रेझिस्टर आणि घडी घातलेला एक कागद. कुठली वायर कुठे जाते त्याची आकृती त्या कागदावर असते.

निकाल आधीच सांगून टाकू. वायर उत्तम, प्लग चालण्यासारखे, कपॅसिटर नेमके हवे तेच, आणि तो कागद मात्र बाजूला ठेवावा असा. ज्याचं सोल्डरिंग कच्चं आहे त्याची केबल फार तर चालणार नाही. कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्याची केबल टीव्हीच्या सिंक इनपुटवर (सिंक म्हणजे चित्र पडद्यावर जागच्या जागी धरणारा सिग्नल) १२ व्होल्ट नेऊन सोडू शकते. ते कसं, ते पुढे येईलच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कन्सोलच्या आत लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळेच तयार होतात. पिवळ्या कंपोझिट वायरीतून पाठवायचे म्हणून ते एकत्र कालवले जातात आणि टीव्ही ते पुन्हा निवडत बसतो. या निवडानिवडीत कडा पुसट होतात, लाल रंग शेजारी सांडतो. आरजीबीत ही मधली पायरीच नाही. एकाच खेळातली बारीक अक्षरं दोन्ही वायरींवर पाहिली की वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

केबल

टोकाकडचा बोटभर तुकडा आडवा कापून बघणं ही किटची पहिली परीक्षा. चांगल्या किटमधल्या केबलच्या पोटात बारीक कोॲक्स दिसतात: लाल, हिरवा, निळा आणि सिंक यांना प्रत्येकी एक, ऑडिओला दोन, आणि ५ व्होल्टसाठी एक साधी वायर. प्रत्येक कोॲक्सला मधे तांब्याचा गाभा, त्याभोवती पांढरं इन्सुलेशन, त्यावर तिची स्वतःची विणलेली जाळी आणि वर रंगीत साल. हलक्या केबलमध्ये याच जागी नुसत्या रंगीत वायरी असतात आणि सगळ्यांना मिळून एकच फॉइल गुंडाळलेली असते.

मल्टिमीटरवर दोन्ही सारख्याच वाजतात. फरक पडद्यावर कळतो. उघड्या वायरी दोन मीटर एकमेकींना खेटून धावल्या की एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. सिंक म्हणून कंपोझिट घेतला असेल तर त्यातला ३.५८ मेगाहर्ट्झचा रंगवाहक (रंगाची माहिती वाहणारी लहर) रंगांच्या वायरींत शिरतो, आणि सपाट निळ्या आकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक चौकट सरकताना दिसते. व्हिडिओ ऑडिओच्या वायरीत उतरला तर स्पीकरमधून गुणगुण येते. या गुणगुणीची एक खूण आहे: पडदा पांढरा झाला की ती वाढते, काळा झाला की बसते. लोक ती ऐकून पॉवर ॲडॉप्टर बदलत बसतात. पडद्याच्या उजेडाबरोबर बदलणाऱ्या गुणगुणीत आधी केबलच सोलून बघावी.

जाहिरातीत ‘७५ ओहम’ मोठ्या अक्षरात असतं. या कामात त्याचं महत्त्व सांगतात तेवढं नाही. १५ किलोहर्ट्झच्या या व्हिडिओत साधारण ६ मेगाहर्ट्झपर्यंतचा मजकूर असतो. ६ मेगाहर्ट्झची लहर केबलच्या आत तेहतीस मीटरच्या आसपास लांब असते आणि आपली केबल दोन मीटरची. एवढ्या आखूड अंतरात ५० ओहमची आरजी-१७४ वापरली तरी परावर्तनाचा फरक पडद्यावर शोधून सापडणार नाही. सर्किटमधले ७५ ओहमचे रेझिस्टर आणि टीव्हीतलं ७५ ओहमचं टर्मिनेशन (इनपुटवर ग्राउंडला असलेला रेझिस्टर) ही वेगळी गोष्ट. ते गणित चुकलं तर सरळ उजेड बदलतो. तेव्हा केबल निवडताना आधी प्रत्येक वायरीची जाळी बघावी, ओहमचा आकडा नंतर. दोन्ही मिळालं तर सोन्याहून पिवळं: आरजी-१७९ ही जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची ७५ ओहमची कोॲक्स या कामाला सुरेख बसते. मात्र तिचा गाभा तांब्या-चांदीचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी ताठ राहते. चार-सहा एकत्र बांधल्या की केबल कन्सोललाच मागे ओढायला लागते. किटमधली मऊ केबल रोजच्या वापराला जास्त सोयीची.

फुकटात काम साधायचं असेल तर जुनी व्हीजीए मॉनिटरची केबल हाही मार्ग आहे. तिच्यात तीन रंगांना तीन कोॲक्स असतातच. पण ऑडिओसाठी मात्र तिच्यात सहसा जाळीची वायर नसते, त्यामुळे ती वेगळी ओढावी लागते. मग दोन केबली एका नळीत कोंबण्यापेक्षा किट परवडतं.

प्लग

स्कार्टचा प्लग ठीक आहे. मल्टि-आउटच्या प्लगमध्ये एकच गोष्ट पाहायची: बाराही पिना आहेत का. साध्या कंपोझिट केबलमधून कापलेल्या प्लगमध्ये बहुधा ऑडिओ, व्हिडिओ आणि ग्राउंडच्याच पिना भरलेल्या असतात, बाकीच्या जागा रिकाम्या. तो प्लग आरजीबीला निरुपयोगी. किटमधल्या प्लगात बारा पिना येतात, पण बाजूच्या खिट्या मूळ प्लगइतक्या घट्ट लागत नाहीत. कन्सोल उचलला की सैल होतो, एवढं धरून चालावं.

कपॅसिटर की रेझिस्टर

आता त्या कागदाकडे. त्यावर एकच आकृती असते आणि वर लिहिलेलं असतं की ती सुपर निन्टेंडोसाठी आहे. कुठल्या सुपर निन्टेंडोसाठी, ते नसतं. अमेरिका आणि जपानचा एनटीएससी कन्सोल आणि युरोपचा पाल कन्सोल यांचा सॉकेट एकसारखा दिसतो, प्लगही तोच बसतो, पण आतून तीन फरक आहेत आणि तिन्ही केबलमध्येच सांभाळावे लागतात.

पहिला फरक रंगांच्या वायरींचा. एनटीएससी कन्सोलच्या आरजीबी सिग्नलवर डीसी व्होल्टेज चढलेलं असतं. ते अडवायला प्रत्येक रंगाच्या वायरीत ओळीने २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, प्लस टोक कन्सोलकडे, मायनस टीव्हीकडे. पाल कन्सोलला कपॅसिटर नको. तिथे प्रत्येक रंगाच्या वायरीतून ग्राउंडला ७५ ओहमचा रेझिस्टर लागतो. पाल कन्सोलवर हे रेझिस्टर विसरले तर चित्र नको इतकं उजळ येतं. उलट एनटीएससी कन्सोलवर ते चुकून लावले तर टीव्हीच्या आतल्या ७५ ओहमला जोडीला आणखी ७५ येतात, मिळून ३७.५ होतात आणि ०.७ व्होल्टचा पांढरा रंग ०.४७ व्होल्टवर येतो. चित्र दिसतं, पण तिन्हीसांजेचं वाटतं. लोक मग टीव्हीचा ब्राइटनेस वाढवत राहतात.

कपॅसिटर २२०च का, हा प्रश्न किट घेणारे हमखास विचारतात, कारण घरात २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचे पडलेले असतात. कन्सोलकडचे ७५ आणि टीव्हीकडचे ७५ मिळून १५० ओहम, आणि २२० मायक्रोफॅरड: खालची सीमा ४.८ हर्ट्झवर येते, म्हणजे ६० हर्ट्झच्या फील्डपेक्षा (सेकंदाला साठ वेळा वरून खाली रंगणाऱ्या पडद्यापेक्षा) बरीच खाली. २२ मायक्रोफॅरड घातले की तीच सीमा ४८ हर्ट्झवर जाते आणि फील्डच्या उंबरठ्यावर येऊन बसते. परिणाम असा की एकाच रंगाची पार्श्वभूमी वरून खाली येताना हळूहळू उतरत जाते, आणि मोठा पांढरा चौकोन आला की त्याच्या खालचा काळा भाग काळा राहत नाही. ४७ लावले तर हे कमी होतं, जात नाही.

किटमधले कपॅसिटर साधे इलेक्ट्रोलिटिक असतात आणि ते पुरतात. ६.३ व्होल्टचे चालतात, १० किंवा १६ व्होल्टचे असले तर बरं. ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून महाग विकले जाणारे कपॅसिटर इथे लावून काही पदरात पडत नाही. जागा वाचवायला लहानसे सिरॅमिक लावण्याचा मोह आवरावा: डीसी व्होल्टेज चढलं की त्यांची क्षमता घटते आणि कागदावरचे २२० प्रत्यक्षात कितीतरी कमी उरतात.

दुसरा फरक खरा धोक्याचा. मल्टि-आउटची ३ क्रमांकाची पिन. एनटीएससी कन्सोलवर तिथे सी-सिंक येतो, म्हणजे चित्राविना निव्वळ सिंक. ‘सी-सिंक केबल’ म्हणून ज्यांची वाहवा होते त्या हीच पिन वापरतात. पाल कन्सोलवर त्याच पिनेवर १२ व्होल्ट असतात, कारण युरोपातल्या टीव्हीला ‘एव्हीवर ये’ असं सांगायला स्कार्टच्या ८ क्रमांकाच्या पिनेवर साधारण तेवढेच व्होल्ट लागतात. एनटीएससीसाठी जोडलेली सी-सिंक केबल पाल कन्सोलला लावली की ते १२ व्होल्ट थेट सिंक इनपुटवर जातात. तिथे ०.३ व्होल्टच्या आसपासचा सिंक अपेक्षित असतो. जुना टीव्ही कदाचित सहन करेल, अपस्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणारी पेटी) करेलच असं नाही. किटच्या कागदावरची आकृती नेमकी याच पिनेवरून सिंक घेते आणि पालचा उल्लेख करत नाही. शून्य गुण दिले ते यासाठी.

तिसरा फरक यातूनच निघतो: एनटीएससी कन्सोलमधून १२ व्होल्ट मिळतच नाहीत. फक्त १० क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट. ते स्कार्टच्या ८ क्रमांकाला दिले तर काही टीव्ही त्याचा अर्थ ‘१६:९ चित्र’ असा लावतात आणि सगळं आडवं ताणतात. ८ क्रमांक रिकामा सोडून रिमोटने एव्ही निवडणं हाच सुटसुटीत उपाय. १६ क्रमांक मात्र सोडून चालणार नाही. तिथे १ ते ३ व्होल्ट आले तरच टीव्ही आरजीबी दाखवतो. ५ व्होल्ट १८० ओहममधून दिले की टीव्हीतल्या ७५ ओहमवर दीड व्होल्टच्या जरा खाली मिळतात, हवे तेवढेच. किटमध्ये १८०चा रेझिस्टर येतो तो याचसाठी. कागदावर त्याचं कारण नाही, त्यामुळे काहीजण तो ‘जास्तीचा’ म्हणून डब्यात टाकतात.

सिंक कुठून घ्यायचा

तीन पर्याय. कंपोझिट व्हिडिओ, ९ क्रमांक: सगळीकडे चालतो, पण रंगवाहक सोबत घेऊन येतो, म्हणून जाळी कच्ची असेल तर चौकट दिसते. सी-सिंक, ३ क्रमांक: फक्त एनटीएससी. ल्युमा, ७ क्रमांक, म्हणजे एस-व्हिडिओची काळी-पांढरी बाजू: एनटीएससी आणि पाल दोन्हीकडे त्याच पिनेवर, रंगवाहक नाही, आणि पातळी आधीच बरोबर. बहुतेक टीव्ही आणि अपस्केलर ल्युमामधून सिंक बिनबोभाट काढून घेतात. आमची शिफारस ल्युमाची. किटचा कागद त्याचं नावही घेत नाही.

काही मॉनिटरना मात्र निव्वळ सिंकच लागतो, चित्र मिसळलेला चालत नाही. त्यांच्यासाठी किटच्या पीसीबीवर आठ पायांच्या एलएम१८८१ची जागा दिलेली असते. ही आयसी कंपोझिट किंवा ल्युमामधून सिंक वेगळा काढते. मांडणी सोपी: ८ क्रमांकाच्या पायाला ५ व्होल्ट, ४ला ग्राउंड, २ला ०.१ मायक्रोफॅरडमधून व्हिडिओ, ६ आणि ग्राउंड यांच्यामध्ये ६८० किलोओहम आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, १ क्रमांकावर तयार सिंक. व्हिडिओच्या वाटेवर ग्राउंडला ७५ ओहम हवाच, नाहीतर आयसीला मिळणारा सिग्नल दुप्पट मोठा असतो. आणि बाहेर येणारा सिंक ५ व्होल्टच्या लॉजिकचा असतो, हे लक्षात ठेवायचं. तो तसाच ७५ ओहमच्या इनपुटला द्यायचा नाही. मधे ४७० ओहम टाकला की ०.७ व्होल्टच्या आसपास येतो. ज्यांना याची गरज नाही त्यांनी ती जागा रिकामी सोडावी. आयसी लावली म्हणून चित्र सुधारत नाही.

जोडणी

आकृती वापरायचीच असेल तर ती प्लगच्या कुठल्या बाजूने काढली आहे ते आधी ठरवा. समोरून पाहिलेली आकृती सोल्डरच्या बाजूने आरशातल्यासारखी उलटी होते, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते. स्कार्टच्या प्लगवर आकडे बहुधा कोरलेले असतात. मल्टि-आउटवर नसतात. तिथे कन्सोललाच विचारता येतं. विषम क्रमांक एका ओळीत, सम दुसऱ्या ओळीत, प्रत्येकी सहा. ग्राउंड ५ आणि ६ वर, म्हणजे समोरासमोर, एका टोकाकडून तिसरी जोडी आणि दुसऱ्या टोकाकडून चौथी. मोकळा प्लग बंद कन्सोलमध्ये बसवा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक प्रोब कन्सोलच्या ग्राउंडवर, दुसरा प्लगच्या मागच्या टोकांवर फिरवा. समोरासमोरची जी जोडी वाजेल ती ५ आणि ६, आणि तिच्यापासून जे टोक जवळ ते १ आणि २चं. मग कन्सोल चालू करून ५ व्होल्ट कुठे येतात ते पाहिलं की सम ओळ कुठली तेही कळतं, कारण ५ व्होल्ट त्या ओळीत पाचव्या जागी आहेत. चालू कन्सोलवर प्रोब घसरू देऊ नका, टोकं फार जवळ आहेत.

जोड असे: १ लाल, स्कार्टच्या १५ला. २ हिरवा, ११ला. ४ निळा, ७ला. सिंक २०ला. डावा ऑडिओ ११वरून स्कार्टच्या ६ला, उजवा १२वरून २ला. ५ व्होल्ट १०वरून, १८० ओहम पार करून, १६ला. जाळ्या ज्याच्या त्याच्या ग्राउंडला: लाल १३, हिरवा ९, निळा ५, सिंक १७, ऑडिओ ४, आणि १८लाही ग्राउंड. कन्सोलच्या बाजूला सगळ्या जाळ्या पिळून ५ आणि ६ वर एकत्र येतात. चुकून युरोपच्या स्कार्टऐवजी जपानी २१ पिनांच्या जोडणीची आकृती हाती लागली तर थांबा. प्लग तोच, आकडे तेच, जोडणी पूर्ण वेगळी.

कपॅसिटर आणि रेझिस्टर स्कार्टच्या टोपणातच बसवा. मल्टि-आउटच्या टोपणात जागा नाही आणि विजेच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

कोॲक्स सोलणं हेच खरं नाजूक काम. वरची साल १० मिलिमीटर काढायची, ब्लेड फक्त टेकवून फिरवायचं. दाबलं तर जाळीच्या अर्ध्या तारा कापल्या जातात. जाळी सुईने उकलून एका बाजूला पिळायची. गाभ्यावरचं इन्सुलेशन फक्त २ मिलिमीटर काढायचं, म्हणजे जाळी आणि उघडा गाभा यांच्यात इन्सुलेशनचं अंतर राहतं. पिळलेल्या जाळीवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायचं आणि मगच सोल्डर. किटमधल्या केबलचं आतलं इन्सुलेशन पॉलिएथिलीनचं असतं. ते सोल्डरच्या तापमानाला लोण्यासारखं मऊ होतं आणि गाभा एका बाजूला सरकून जाळीला टेकतो. बाहेरून काही दिसत नाही, तो रंग मात्र पडद्यावरून गायब होतो. म्हणून टोकं आधीच कथिलाने भिजवून ठेवायची, प्लगच्या पिनेवरही थोडा थर द्यायचा, आणि जोडताना आयर्न एक-दोन सेकंदांच्या वर ठेवायचं नाही. टिप ३३० ते ३५० अंशांवर, सोल्डर ६३/३७ आणि अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं. कमी तापमानावर रेंगाळण्यापेक्षा जास्त तापमानावर झटपट उरकलेलं बरं.

मल्टि-आउटच्या पिना प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. आयर्न रेंगाळलं की पिन तिरकी होते किंवा मागे सरकते, आणि मग प्लग सॉकेटमध्ये जातच नाही. जादा सॉकेट असेल तर प्लग त्यात खोचून सोल्डर करावं, पिना सरळ राहतात. कन्सोलमध्येच खोचून सोल्डर करणारेही असतात. त्यांच्या धाडसाला नमस्कार. मधल्या पिना आधी, कडेच्या नंतर. टोपणं, नळ्या आणि केबलची पकड वायरीवर आधी ओवून ठेवा, कारण स्कार्टच्या सगळ्या पिना लागल्यावर टोपण आठवलं तर सगळं उकलावं लागतं.

तपासणी

कन्सोलला लावण्याआधी १० आणि ५ यांच्यामध्ये, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड, शॉर्ट नाही ना ते पाहा. हे एकच माप चुकलं तर कन्सोलचा रेग्युलेटर पणाला लागतो. मग शेजारच्या पिना दोन-दोन करून. एनटीएससी केबलवर लाल पिन आणि स्कार्टची १५ यांच्यावर प्रोब ठेवला तर फार तर क्षणभर बीप येईल आणि थांबेल: कपॅसिटर भरला. ओहमवर ठेवलं तर आकडा चढत चढत जातो. बीप चालूच राहिला तर कपॅसिटर वळसा घालून टाळला गेलाय. पाल केबलवर तोच बीप सलग यायला हवा आणि १५ ते १३ मध्ये ७५ ओहम दिसायला हवेत. १० ते १६ मध्ये दोन्हीकडे १८०.

पडद्यावरच्या खुणाही बऱ्याच बोलक्या असतात. ल्युमा सिंक असताना चित्र नुसतं काळं-पांढरं आलं तर आरजीबी बिघडलेलं नाही, १६ क्रमांकाला व्होल्ट पोचत नाहीत आणि टीव्ही सिंकच्या वायरीतलं चित्र दाखवतोय. सिंक कंपोझिट व्हिडिओमधून घेतला असताना हाच दोष रंगीत पण मळकट चित्राच्या रूपात दिसतो आणि महिनोन्‌महिने कळतही नाही. सी-सिंकवर पडदा काळा राहतो. सगळं पिवळट आलं तर निळा तुटलाय, जांभळट आलं तर हिरवा. चित्र गुंडाळत वर जात असेल तर सिंकचाच जोड ड्राय सोल्डर झालाय, म्हणजे नीट चिकटलेला नाही.

इतर कन्सोल

पाकिटावर ‘सर्व कन्सोलसाठी’ असतं ते सोडून द्या. सुपर निन्टेंडोमध्येही १९९७ साली आलेल्या छोट्या अमेरिकी मॉडेलमधून आतली दुरुस्ती केल्याशिवाय आरजीबी बाहेर येत नाही. निन्टेंडो ६४ला हाच प्लग बसतो, पण आत सर्किट बदलल्याशिवाय आरजीबीच्या पिना मुक्या. गेमक्यूबच्या अमेरिकी आणि जपानी आवृत्तीतही या सॉकेटवर आरजीबी नाही. त्याची मूळ कंपोनंट केबल वेगळ्या डिजिटल सॉकेटची, आणि तिच्या प्लगमध्येच डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप, त्यामुळे वायरींच्या जोरावर ती बनवता येत नाही. मेगा ड्राइव्हसाठी केबल आणि कपॅसिटर हेच वापरता येतात, प्लग वेगळा घ्यायचा. पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटवर आवाज मोनो असतो, स्टीरिओ हवा तर पुढच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर आणावी लागते. प्लेस्टेशनचा पहिला, दुसरा आणि तिसरा एकच सॉकेट वापरतात, म्हणून तिथे कष्टाचं चीज तिप्पट होतं. फक्त दुसऱ्यावर डीव्हीडी लावून चित्र हिरवं आलं तर केबल उघडू नका. आरजीबी निवडलेलं असतानाही डीव्हीडी कंपोनंटमधून बाहेर पडते, तो कन्सोलचा स्वभाव आहे.

किट घ्यावं का? सोल्डरिंगचा हात बसलेला असेल आणि घरात एकाच प्रदेशाचा कन्सोल असेल तर जरूर. एनटीएससी आणि पाल दोन्ही असतील तर दोन किटं घ्या. एकाच केबलमध्ये स्विच बसवून दोन्ही साधण्याच्या आकृत्या फिरतात, पण तो स्विच चुकीच्या बाजूला राहिला की काय होतं ते वर आलंच आहे. दोन्ही केबली ल्युमा सिंकवर जोडल्या तर अदलाबदल झाली तरी नुकसान होत नाही, फार तर उजेड चुकतो. आणि टोपण बंद करण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: कन्सोल कुठला, कपॅसिटर की रेझिस्टर, सिंक कुठल्या पिनेवरून. बाहेरून सगळ्या स्कार्ट केबली सारख्याच काळ्या दिसतात.